खोटे श्रोते

20 ऑक्टोबर 2017 रोजी अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या मायकेल स्मिथ नावाच्या माणसाने स्वतःलाच एक ईमेल पाठवला. त्यात हिशेब मांडला होता. क्लाउड सेवेची 52 खाती, प्रत्येकात 20 बॉट, म्हणजे एकूण 1,040 बनावट श्रोते. प्रत्येक श्रोता दिवसाला साधारण 636 गाणी वाजवणार, म्हणजे रोजचे 6,61,440 स्ट्रीम. एका स्ट्रीमला सरासरी अर्धा सेंट धरला, तर दिवसाला 3,307 डॉलर, महिन्याला 99,216 आणि वर्षाला 12,07,128 डॉलर. न्यूयॉर्कच्या दक्षिण जिल्ह्यातील सरकारी वकिलांनी सप्टेंबर 2024 मध्ये जाहीर केलेल्या आरोपपत्रात हे आकडे दिलेले आहेत. सात वर्षांत एक कोटी डॉलरहून अधिक रॉयल्टी लाटली, असा या माणसावरचा आरोप. गाण्यांचे स्ट्रीम कृत्रिमरीत्या फुगवल्याबद्दल अमेरिकेत उभा राहिलेला हा पहिला फौजदारी खटला.

चोवीस तासांत 636 गाणी म्हणजे दर सव्वादोन मिनिटांना एक. जेवण नाही, झोप नाही, रविवार नाही. कोणाही माणसाचे ऐकणे असे असू शकत नाही, हे शाळकरी मुलालाही कळेल. तरीही ही यंत्रणा वर्षानुवर्षे चालली, कारण स्ट्रीमिंगच्या जगात पैसा ज्या पद्धतीने वाटला जातो त्या पद्धतीतच तिला जागा होती. ती पद्धत समजून घेतली तरच पुण्यातल्या, कोल्हापुरातल्या किंवा मडगावातल्या एखाद्या स्वतंत्र गायकाचे या दूरदेशीच्या फसवणुकीत काय जाते ते कळेल.

आपण एखाद्या ॲपची महिन्याची वर्गणी भरतो आणि महिनाभर एकाच गायिकेची गाणी ऐकतो. आपली समजूत अशी असते की आपले पैसे, कंपनीचा वाटा वजा करून, त्या गायिकेकडे गेले. बहुतेक मोठ्या सेवांवर तसे होत नाही. एखाद्या देशातल्या सगळ्या वर्गणीदारांचे पैसे आणि जाहिरातींचे उत्पन्न एका गल्ल्यात जमा होते. त्यातला सुमारे दोन तृतीयांश भाग गाण्यांच्या हक्कधारकांसाठी बाजूला काढतात आणि मग त्या महिन्यातल्या एकूण स्ट्रीमपैकी कोणाचे किती, या प्रमाणात त्याची वाटणी होते. आपली गायिका आपण कितीही आवडीने ऐकली, तरी तिचा वाटा देशभरातल्या इतरांनी काय वाजवले यावर ठरतो.

गावातल्या दूध डेअरीत फॅट कोणी तपासत नाही, महिन्याची ठरलेली रक्कम फक्त लिटरवर वाटली जाते, असे क्षणभर समजू. ज्याने किटलीत पाणी ओतले त्याचा वाटा वाढेल, बाकी प्रत्येकाचा थोडा थोडा घटेल आणि डेअरीचे स्वतःचे फारसे काही जाणार नाही. खोट्या स्ट्रीमचे नेमके हेच होते. ही चोरी कंपनीच्या तिजोरीतून होत नाही, इतर संगीतकारांच्या हिश्शातून होते. प्रत्येकाचे इतके थोडे जाते की कोणालाच ते दिसत नाही, आणि न दिसल्यामुळे कोणी तक्रारही करत नाही.

आता फसवणूक करणाऱ्याच्या बाजूने हिशेब करून पाहू. रोज 636 गाणी वाजवणारे एक खाते महिन्याला 19,080 स्ट्रीम तयार करते. अर्ध्या सेंटच्या दराने त्याचे 95 डॉलर होतात. त्या काळात अमेरिकेत एका खात्याची वर्गणी सुमारे दहा डॉलर होती, आणि कौटुंबिक योजना घेतली तर माणशी त्याहूनही कमी. आरोपपत्रानुसार स्मिथने अशाच कौटुंबिक योजना घेतल्या होत्या. याच ॲपवर रोज वीस गाणी ऐकणारा एखादा रसिक महिन्याला सहाशे स्ट्रीम नोंदवतो. वर्गणी दोघांची सारखीच, पण गल्ल्यातून पैसे ओढण्याची बॉटची ताकद रसिकाच्या जवळजवळ बत्तीसपट. जिथे दहा डॉलर टाकून नव्वद निघतात तिथे कोणीतरी हात घालणारच.

गाणे किमान 30 सेकंद वाजले की स्पॉटिफायवर एक स्ट्रीम धरला जातो. हा नियम कळल्याबरोबर लोकांनी त्याच्या कडा चाचपायला सुरुवात केली. 2014 मध्ये व्हल्फपेक या अमेरिकी बँडने ‘स्लीपिफाय’ नावाचा अल्बम काढला. त्यात दहा ट्रॅक होते, प्रत्येक तीस सेकंदांहून किंचित मोठा आणि प्रत्येक पूर्णपणे निःशब्द. झोपताना हा अल्बम रात्रभर चालू ठेवा, जमलेल्या पैशांतून आम्ही प्रवेशमूल्य न घेता दौरा करू, असे त्यांनी चाहत्यांना उघडपणे सांगितले. स्पॉटिफायने तो काढून टाकला, पण तोवर सुमारे वीस हजार डॉलर जमले होते आणि दौराही झाला. या गोष्टीचे कौतुक झाले, आजही होते. बँडने काही लपवले नव्हते आणि ऐकणारी माणसे खरी होती, हे मान्य. तरी ते वीस हजार डॉलर त्याच सामायिक गल्ल्यातून आले होते. त्या रात्री खरोखर गाणी ऐकली गेलेल्या इतर कलावंतांच्या वाट्यातूनच ते आले.

तीन वर्षांनी हीच युक्ती व्यवसाय म्हणून पुढे आली. 2017 मध्ये ‘सोलफुल म्युझिक’ नावाची एक प्लेलिस्ट स्पॉटिफायवर सर्वाधिक उत्पन्न देणाऱ्या प्लेलिस्टच्या यादीत वर चढली. तिच्यात 467 गाणी होती. बहुतेक गाणी अर्ध्या मिनिटाहून थोडीच मोठी आणि गायक कोणालाच माहीत नसलेले. महिन्याचे श्रोते अवघे बाराशेच्या आसपास. फेब्रुवारी 2018 मध्ये ‘म्युझिक बिझनेस वर्ल्डवाइड’ या संगीत उद्योगाच्या बातम्या देणाऱ्या संकेतस्थळाने हे प्रकरण बाहेर काढले, तेव्हा धागा बल्गेरियापर्यंत पोचला. यात एक विलक्षण पेच होता. ती बाराशे खाती वर्गणी भरणारी असतील, तर नेमका कोणता कायदा मोडला गेला? वर्गणीदाराने आपल्याला हवे ते, हवे तितक्या वेळा वाजवले, एवढेच. चोरी होती, पण ती पकडायला कलम सापडत नव्हते.

बल्गेरियाच्या प्लेलिस्टचा दोष असा की ती डोळ्यांत भरली. स्मिथवरच्या आरोपपत्रात पुढची पायरी दिसते. एकाच गाण्याला कोट्यवधी स्ट्रीम मिळाले तर धोक्याची घंटा वाजते. तेच स्ट्रीम लाखो गाण्यांवर पसरले तर प्रत्येक गाणे एखाद्या साध्या, फारसे न चाललेल्या गाण्यासारखे दिसते. त्यासाठी लाखो गाणी हवीत आणि माणसाच्या हातून ती होणे शक्य नाही. म्हणून कृत्रिम बुद्धिमत्तेने गाणी बनवणाऱ्या कंपनीच्या प्रमुखाला हाताशी धरून गाण्यांचा साठा उभा केला गेला, असे आरोपपत्र म्हणते. कलावंतांची आणि गाण्यांची नावेही यंत्रानेच पाडलेली होती. ‘कॅलस पोस्ट’, ‘कॅलरी इव्हेंट’, ‘झायगोटिक वॉशस्टँड्स’ ही त्यातली काही.

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल संगीताच्या क्षेत्रात जी भीती बोलली जाते ती अशी, की यंत्र गायकाची जागा घेईल. या प्रकरणात यंत्राला कोणाची जागा घ्यायचीच नव्हती. ती गाणी कोणी ऐकावीत अशी अपेक्षाच नव्हती. ती लपायला गर्दी म्हणून बनवली होती. डीझर या फ्रेंच सेवेचे आकडे हेच दाखवतात. जानेवारी 2025 मध्ये तिच्याकडे पूर्णपणे यंत्राने बनवलेली सुमारे दहा हजार गाणी रोज येत होती. नोव्हेंबरपर्यंत हा आकडा पन्नास हजारांवर गेला, म्हणजे रोज येणाऱ्या एकूण गाण्यांच्या एक तृतीयांशाहून जास्त. ऐकण्यात मात्र अशा गाण्यांचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास होता, आणि त्यातलेही 70 टक्क्यांपर्यंत स्ट्रीम बनावट असल्याचे डीझरला आढळले. ही गाणी श्रोत्यांकडे पाहून बनतच नाहीत, त्यांचे लक्ष गल्ल्यावर असते.

एकूण किती स्ट्रीम खोटे? फ्रान्सच्या सोंत्र नास्योनाल द ला म्युझिक या सरकारी संस्थेने स्पॉटिफाय, डीझर आणि क्वोबझ या सेवांच्या माहितीवर केलेला अभ्यास जानेवारी 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. 2021 या एका वर्षात एकट्या फ्रान्समध्ये एक ते तीन अब्ज स्ट्रीम खोटे होते, म्हणजे एकूण ऐकण्याच्या एक ते तीन टक्के. हे फक्त पकडले गेलेले. न पकडलेल्यांची मोजदाद कशी करणार? त्या अभ्यासातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. पकडलेल्या खोट्या स्ट्रीमपैकी 80 टक्क्यांहून अधिक स्ट्रीम लोकप्रियतेच्या पहिल्या दहा हजार गाण्यांच्या बाहेरच्या गाण्यांवर होते. फसवणूक ताऱ्यांच्या अंगणात कमी आणि खालच्या, अंधाऱ्या, गर्दीच्या भागात जास्त चालते. स्वतंत्र कलावंत राहतो तोही याच भागात. पोलीस शोध घ्यायला येतात तेव्हा दारे त्याचीही ठोठावली जातात.

हा या प्रकरणातला सर्वांत दुखरा भाग आहे, म्हणून त्यावर थोडे थांबू.

समजा, कोल्हापूरच्या एका तरुणाने स्वतः गाणे लिहिले, चाल बांधली, मित्राच्या घरच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण केले. स्पॉटिफायवर गाणे थेट चढवता येत नाही. मध्ये वितरक कंपनी लागते. वर्षाची ठरावीक फी भरली की ती कंपनी त्याचे गाणे जगभरच्या सेवांवर पोचवते. पहिल्या दोन महिन्यांत मित्र, नातेवाईक, कॉलेजातली मुले मिळून काही शे स्ट्रीम होतात. मग एका आठवड्यात आकडा अचानक नऊ हजारांवर जातो. तो आनंदतो. पुढच्या महिन्यात वितरकाचा ईमेल येतो: तुमच्या गाण्यावर कृत्रिम स्ट्रीमिंग आढळले आहे, गाणे काढण्यात येत आहे, रॉयल्टी रोखली आहे, दंड तुमच्या खात्यातून वळता होईल, पुन्हा घडल्यास खाते बंद होईल. कोणत्या प्लेलिस्टमधून, कोणत्या शहरातून, कोणत्या तारखेला, यातले काहीही त्या ईमेलात नसते. आपण काहीच केले नाही, हे त्याने कसे सिद्ध करायचे? न केलेल्या गोष्टीचा पुरावा कोण जपून ठेवतो?

मग ते नऊ हजार स्ट्रीम आले कुठून? वाटा अनेक आहेत. कधी कलावंत स्वतः, पूर्ण जाणीवपूर्वक, हजार स्ट्रीम अमुक रुपयांना अशा जाहिरातीला पैसे देतो. त्याच्या बाजूने बोलण्यासारखे माझ्याकडे काही नाही. त्याहून पुष्कळ जण फसतात ते ‘प्लेलिस्ट प्रमोशन’च्या नावाखाली. इन्स्टाग्रामवर संदेश येतो: गाणे फार छान आहे, आमच्या पन्नास हजार फॉलोअर असलेल्या प्लेलिस्टमध्ये घेतो, सगळे ऑरगॅनिक, थोडी फी लागेल. नवखा मुलगा याला जाहिरातीचा खर्च समजतो, आणि तसा समज होण्यात त्याची काय चूक? पोस्टर छापायला पैसे लागतात, मग याला का लागू नयेत? ती प्लेलिस्ट बॉटच्या जिवावर चालते, हे त्याला ईमेल आल्यावर कळते.

तिसरी वाट सर्वांत अन्यायाची. बॉट चालवणारा फक्त आपलीच गाणी वाजवत राहिला तर तो पकडला जाईल. म्हणून तो मधूनमधून खऱ्या कलावंतांची गाणीही वाजवतो, म्हणजे ते खाते माणसासारखे दिसते. आपल्या प्लेलिस्टमध्ये तो अनोळखी, होतकरू गायकांची गाणी न विचारता घालतो. ज्याने एक पैसा दिला नाही, कोणाशी बोलला नाही, त्याचे गाणे अशा रीतीने चोराच्या पिशवीत सापडते. आणि चौथी शक्यताही आहेच. कोणा मत्सरी माणसाने दुसऱ्याच्या गाण्यावर बॉट सोडले, तर त्याला अडवणारे आज काहीही नाही.

दंडाचा नियम नोव्हेंबर 2023 मध्ये जाहीर झाला आणि 2024 पासून लागू झाला. एखाद्या गाण्यावर उघड उघड कृत्रिम स्ट्रीमिंग दिसले, तर स्पॉटिफाय गाण्यामागे सुमारे दहा युरो वितरकाकडून वसूल करते. हेतू चांगला आहे. वितरकांनी डोळे झाकून कोणाचीही लाखो गाणी चढवू नयेत, यासाठी त्यांच्या खिशाला झळ बसायला हवी होती. पण अनेक वितरकांनी तो दंड पुढे कलावंताकडे सरकवला. लाखो गाणी चढवणाऱ्या टोळीच्या दृष्टीने दहा युरो हा धंद्यातला खर्च आहे. कोल्हापूरच्या त्या मुलाची वर्षभराची रॉयल्टीही तेवढी नसते. मोठ्या लेबलकडे अशा वेळी सेवेच्या अधिकाऱ्याला फोन लावणारा माणूस असतो. स्वतंत्र कलावंताच्या वाट्याला येतो तो मदतकक्षाचा अर्ज आणि त्याला आलेले ठरीव उत्तर.

पैशांपलीकडचे नुकसानही कमी नाही. स्ट्रीमिंग सेवेची शिफारस यंत्रणा ऐकणाऱ्यांच्या सवयींवरून शिकते: हे गाणे ज्यांना आवडले त्यांना आणखी काय आवडते, त्यावरून ती गाणे कोणापुढे ठेवायचे ते ठरवते. तुमच्या गाण्याचे बहुतेक ‘श्रोते’ बॉट असतील, तर यंत्रणा बॉटच्या सवयींवरून शिकते. मराठी कवितेला चाल लावलेले गाणे मग झोपेच्या पार्श्वसंगीताशेजारी आणि कुठल्याशा यांत्रिक ठेक्याशेजारी जाऊन बसते. ज्यांना ते आवडले असते त्यांच्यापर्यंत ते पोचतच नाही. कलावंताला आपले श्रोते कोणत्या शहरात आहेत हे दाखवणारा फलकही खोटा पडतो. आपली गाणी नाशिकमध्ये जास्त ऐकली जातात की नागपुरात, यावरून कार्यक्रम कुठे लावायचा ते ठरत असते. तिथे अमेरिकेतल्या ॲशबर्नसारखे, डेटा सेंटरांनी भरलेले गाव सर्वांत वर दिसू लागले, तर तो फलक काय कामाचा?

दंडाचा नियम आणणाऱ्या स्पॉटिफायच्या 2023 च्या त्याच घोषणेत आणखी एक नियम होता, आणि तो लहान भाषांना विशेष लागतो. गेल्या बारा महिन्यांत हजार स्ट्रीम न झालेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी मिळणार नाही. स्पॉटिफायचे म्हणणे असे, की अशी गाणी सरासरी महिन्याला अवघे तीन सेंट मिळवतात. ती रक्कम वितरकाच्या खात्यातच पडून राहते, कलावंताला काढताच येत नाही. आणि हजारो गाण्यांवर थोडे थोडे स्ट्रीम पसरून पैसे काढणाऱ्यांना यामुळे आळा बसेल. यातले शेवटचे कारण खरे आहे. पण या उंबरठ्याखाली किती गाणी आहेत पाहा. ल्युमिनेट या मोजणी करणाऱ्या कंपनीनुसार 2023 मध्ये जगभरच्या सेवांवर असलेल्या सुमारे 18 कोटी 40 लाख ट्रॅकपैकी 86 टक्के ट्रॅक त्या वर्षी हजार किंवा त्याहून कमी वेळा वाजले. त्यात चोरांचा माल आहे, टाकाऊ माल आहे, आणि गोव्यातले कोकणी मांडो, दशावतारातली नाट्यपदे, एखाद्या शाहिराने स्वखर्चाने मुद्रित केलेला पोवाडा असेही बरेच असणार. तीन सेंट ही रक्कम क्षुल्लक आहे, हे मान्य करू. तुझे गाणे कोणीतरी ऐकले आणि त्याचा मोबदला तुझा आहे, हे तत्त्व क्षुल्लक नाही. चोराला रोखण्यासाठी घातलेल्या कुंपणात सर्वांत लहान शेतकऱ्याचीच जमीन गेली, असे माझे मत आहे.

आकडे विकत घेण्याचा बाजार आपल्याकडेही आहे, आणि तो मुंबईतच उघडकीला आला होता. जुलै 2020 मध्ये एका पार्श्वगायिकेने आपल्या नावाने कोणी बनावट इन्स्टाग्राम खाते चालवत असल्याची तक्रार केली. मुंबई पोलिसांचा तपास तिथून फॉलोअर, लाइक आणि व्ह्यू विकणाऱ्या संकेतस्थळांपर्यंत गेला. ऑगस्टमध्ये रॅपर बादशाह यांची त्यांच्या ‘पागल’ या गाण्याच्या यूट्यूब व्ह्यूजवरून चौकशी झाली. त्यांनी आरोप स्पष्ट शब्दांत नाकारले. 2019 मध्ये हे गाणे आले तेव्हा चोवीस तासांत साडेसात कोटी व्ह्यू झाल्याचे सांगितले गेले होते, आणि यूट्यूबने तो विक्रम जाहीर केला नव्हता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये यूट्यूबने जाहिरातीतून आलेले व्ह्यू चोवीस तासांच्या विक्रमात आणि संगीताच्या क्रमवारीत धरणे बंद केले. जाहिरात देऊन गाणे दाखवणे आणि बॉटकडून वाजवून घेणे यांत कायद्याने फरक आहे. पण नव्या मुलाच्या मनावर दोन्हींचा परिणाम एकच होतो. आकड्याशिवाय आपल्याला कोणी उभे करणार नाही, असे त्याला वाटू लागते. कार्यक्रमाचे आयोजक, ब्रँड, लेबल सगळे आधी महिन्याचे श्रोते विचारतात, गाणे नंतर ऐकतात. स्ट्रीम विकणाऱ्याला गिऱ्हाईक तिथेच मिळते.

शिक्षा होते का? होऊ लागली आहे. 2024 मध्ये डेन्मार्कमधल्या ऑर्हूसच्या न्यायालयाने 2013 ते 2019 या काळात 689 ट्रॅकवर खोटे स्ट्रीम तयार करून रॉयल्टी मिळवणाऱ्या एका माणसाला अठरा महिन्यांची शिक्षा सुनावली. त्यातली काही गाणी तर दुसऱ्यांचीच होती, लय आणि लांबी बदलून आपली म्हणून चढवलेली. जून 2023 मध्ये स्ट्रीमिंग सेवा आणि वितरक यांनी मिळून म्युझिक फाइट्स फ्रॉड अलायन्स ही आघाडी उभारली, म्हणजे एका ठिकाणी पकडलेला चोर दुसऱ्या नावाने शेजारच्या दुकानात जाऊ नये. हे सगळे आवश्यक आहे. पण माझ्या मते मुळावर घाव घालणारा उपाय दुसरा आहे, आणि तो तंत्रज्ञानाचा नसून वाटणीचा आहे.

प्रत्येक श्रोत्याचे पैसे त्याने ज्यांना ऐकले त्यांच्यातच वाटले, तर काय होईल? दहा डॉलर भरणाऱ्या बॉटने दिवसरात्र गाणी वाजवली, तरी त्याच्या मालकाला जास्तीत जास्त त्याच दहा डॉलरमधला सेवेचा वाटा वजा जाता उरलेला भाग परत मिळेल. सात डॉलरसाठी दहा घालवायला कोण येईल? साउंडक्लाउडने 2021 मध्ये स्वतंत्र कलावंतांसाठी असे वाटप सुरू केले. चोरलेल्या खात्यांतून होणारी फसवणूक याने थांबणार नाही, हे खरे. आणि ज्यांचे चाहते दिवसभर तीच गाणी वाजवतात अशा मोठ्या ताऱ्यांचे उत्पन्न यात घटू शकते. हा बदल अडला आहे तो बहुधा याच कारणाने. पण जी वाटणी बॉटला माणसाच्या बत्तीसपट ताकद देते तिला न्याय्य कसे म्हणायचे, याचे उत्तर ती टिकवून ठेवणाऱ्यांनी द्यायला हवे.

दुसरी गोष्ट पुराव्याची. कोणत्या खात्याने, कुठून, कधी वाजवले याची सगळी नोंद सेवेकडे असते आणि कलावंताकडे त्यातले काहीही नसते. मग निर्दोषपणा सिद्ध करण्याचे ओझे कलावंतावर टाकणे हा सरळ अन्याय आहे. गाणे काढण्याआधी संशयित प्लेलिस्टचे नाव, तारखा आणि देश कळवा, उत्तर द्यायला मुदत द्या, खोटे स्ट्रीम वजा करून खऱ्यांचे पैसे द्या; एवढी मागणी अवाजवी नाही. बँक खात्यातला संशयास्पद व्यवहारही खातेदाराला तारीख-वेळेसह दिसतो.

स्मिथ प्रकरणात संशय घेऊन 2023 मध्ये पैसे रोखले ते मेकॅनिकल लायसन्सिंग कलेक्टिव्ह या संस्थेने. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून वाटणारी ही संस्था अमेरिकेत 2018 च्या कायद्याने उभी राहिली. स्वतःचे पैसे बुडत असलेल्यांच्या बाजूची संस्था हिशेबावर नजर ठेवून होती, म्हणून चोरी तिला दिसली. आपल्याकडे गीतकार-संगीतकारांची अशी संस्था मुंबईत 1969 पासून आहे: इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस. 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क पक्का झाल्यापासून तिचे बळ वाढले आहे. भारतातल्या सेवांकडून खोट्या स्ट्रीमचा वार्षिक तपशील मागणे हे काम तिने अंगावर घ्यावे, आणि मराठी, कोकणी संगीतकारांनी सभासद होऊन तिला तसे करायला लावावे.

तोवर स्वतःला जपण्यापुरते काही हातात आहे. आकड्याची हमी देणारा कोणीही, मग तो कितीही गोड बोलो, बॉट विकत असतो. खऱ्या श्रोत्याची हमी कोणालाच देता येत नाही. दर आठवड्याला फलक उघडून कोणत्या प्लेलिस्टमधून स्ट्रीम येत आहेत ते पाहा. अनोळखी प्लेलिस्टवरून अचानक उसळी दिसली तर त्याच दिवशी पडद्याचे चित्र जपून ठेवा, स्पॉटिफायच्या संशयित प्लेलिस्ट कळवण्याच्या अर्जावर तक्रार करा आणि वितरकालाही लेखी कळवा. नोटीस येण्याआधीची आपली तक्रार हाच उद्या आपला एकमेव पुरावा असतो.

आणि जे फक्त ऐकतात त्यांच्यासाठी. आवडलेल्या स्वतंत्र कलावंताचे गाणे नाव शोधून ऐका, तो कार्यक्रम करत असेल तर तिकीट काढून जा. बँडकॅम्पसारख्या ठिकाणी गाणे विकत मिळत असेल तर घ्या. तिथे डिजिटल विक्रीतले सुमारे 15 टक्के सेवेकडे जातात आणि व्यवहाराचे शुल्क वजा होऊन बाकीचे ज्याने गाणे केले त्याला मिळतात. ते पैसे कोणत्याही सामायिक गल्ल्यात जात नाहीत, आणि कोणताही बॉट त्यात वाटा मागू शकत नाही.